अळीच्या अंगरख्याचं माप

नऊ वाजता

शेगडीवर पातेलं चढलं होतं. कपडे रंगवायचं पातेलं. इतकं मोठं, की एखादा बसका माणूस गुडघे दुमडून आत बसला असता तर वरून झाकणही लागलं असतं. पाणी अजून गप्प होतं. पातेल्यासमोरच्या खुंटीवर एक जांभळा कोट, छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा मिरवत, लटकला होता. बारा वाजता त्याला उकळायचं, असा हुकूम झाला होता.

कोट टाचणीच्या वडिलांचा.

टाचणी ही त्या घराची धाकटी सून. तिचं खरं नाव लग्नात एकदा पुकारलं गेलं, त्यानंतर ते कुणाला लागलंच नाही. ओठांत कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलायचं ते तोंडाच्या एका कोपऱ्यातून, दात न उघडता. घराचा धंदा नाटकमंडळींना कपडे भाड्यानं द्यायचा. पुढे दुकान, मागे कोठार, वर बिऱ्हाड. कोठारात अकराशे कपडे दांड्यांना टांगलेले. राजे, भिकारी, भुतं, डॉक्टर, एक लांडगा. टाचणीचं काम कपडे वाढवायचं आणि आवळायचं. काल ढेरपोट्या राजाला झालेला झगा आज काडीपैलवान राजाला बसवायचा, परवा उसवून पुन्हा ढेरपोट्याला.

आणि वडील? ते एका मोठ्या हॉटेलात लिफ्ट चालवायचे. एकतीस वर्षं. ‘माझ्याएवढा वर कुणी गेला नसेल,’ असं ते सांगायचे, ‘फक्त दर वेळी खाली यावं लागलं.’ ते गेल्यावर टाचणीच्या भावानं घड्याळ घेतलं, बहिणीनं आरामखुर्ची. टाचणीनं कोट मागितला. घरात जागा नव्हती म्हणून कोठारातल्या लाल कोटांच्या दांडीच्या अगदी शेवटी, लांडग्याच्या अलीकडे, तिनं तो टांगला. कुणाचं लक्ष नसलं की त्याच्या बाहीत कोपरापर्यंत हात घालून उभी राहायची. आत कुणीतरी नुकताच हात काढून घेतल्यासारखी ऊब असते, असं तिचं म्हणणं. यावर नवरा एकदा हसला होता. मग पंधरा दिवस त्याचा एकही सदरा इस्त्री झाला नाही.

अकरा महिने सगळं सुरळीत चाललं. काल संध्याकाळी पहारेकऱ्यांचे चाळीस लाल लोकरी कोट ब्रश करायला काढले आणि पहिल्याच कोटाची कॉलर उलटल्यावर तिच्याखाली भोकं दिसली. बारीक, गोल, एकाशेजारी एक.

कसर!


कोठाराच्या भिंतीवर, मामंजींच्या हातचं, तेलरंगात

कसर लागल्यास —
१. आरडाओरडा करू नये.
२. मूळ शोधावे.
३. मूळ उकळावे.
४. बाकीच्यांस ब्रश व वाफ.

मामंजी जाऊन सात वर्षं झाली, पण नियम तसेच होते. ज्या कपड्यातून कसर कोठारात शिरली तो कपडा सगळ्यांदेखत उकळायचा. मग तो राजाचा असो नाहीतर रंकाचा. आजवर एक मखमली सिंहासन-झूल आणि एक अस्वल असं उकळलं गेलं होतं. अस्वल बाहेर आलं तेव्हा मांजराएवढं झालं होतं.

पहिला नियम तेवढा कुणी कधी पाळला नव्हता.


पंचनामा

न्यायाधीश थोरली. थोरली म्हणजे टाचणीची मोठी जाऊ. कोठाराच्या दाराशी तिचं स्टूल, स्टुलावर चौकडीच्या कापडाची गादी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. अकराशे कपडे तिला तोंडपाठ. कुठलं बटण कुठल्या साली तुटलं तेही. तिचा नवरा कपड्यांची गाडी घेऊन बाहेरगावी गेला होता, त्यामुळे कोर्टात उरलेला एकमेव पुरुष म्हणजे टाचणीचा नवरा. हा खोट्या दाढ्यामिश्या बनवायचा आणि स्वतः गुळगुळीत असायचा. त्याला सगळे मिशीवाला म्हणत.

थोरलीनं चिमट्यात पुरावा धरला होता. तांदळाच्या लांब दाण्याएवढी एक पिशवी, दोन्ही टोकांना उघडी, आणि तिच्यावर रंगीत पट्टे.

‘हे काय आहे?’

‘कसरीची अळी, जाऊबाई,’ टाचणी ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाली. ‘म्हणजे अळीचा अंगरखा. अळी आत आहे.’

‘रंग वाच.’

‘जांभळा, लाल, पोपटी, लाल, जांभळा.’

‘पहिला कुठला?’

‘जांभळा.’

‘संपलं. जांभळ्यात जन्मली, लालमध्ये जेवायला आली. आपल्या कोठारात जांभळी लोकर एकच.’ थोरलीनं मान वळवून खुंटीकडे पाहिलं. ‘बाहेरून आलेली.’

मिशीवाल्यानं वाकून पिशवी पाहिली. ‘पण वहिनी, शेवटीही जांभळंच आहे.’

‘असणारच! चोर चोरी करून घरीच जातो ना?’

‘आणि मधलं पोपटी?’

थोरली गादीवर सरकून बसली. ‘मळ असेल.’

‘मळ पोपटी?’

‘भावजी, तुम्ही मिश्या करा.’

लोकर उकळली की आटते, हे टाचणीला सांगायला नको होतं. अस्वल तिच्या डोळ्यांसमोर गेलं होतं. बाबा आडव्या हाडाचे होते. त्यांचा कोट बाहुलीला होईल एवढा होऊन पातेल्यातून निघेल, त्यावर बटणं मात्र पहिल्याएवढीच राहतील. उकळत्या पाण्यात पितळ आटत नाही. बाहुलीच्या कोटावर माणसाची बटणं. तिला हसू फुटलं आणि रडूही. दोन्ही एकदम बाहेर पडायला बघत होती आणि तोंडात टाचण्या होत्या.

‘बारापर्यंत वेळ द्या,’ ती म्हणाली.

‘कशाला?’

‘मूळ शोधावे, असं लिहिलंय. मी शोधते.’

थोरली भिंतीकडे बघत राहिली. मामंजींच्या अक्षरापुढे तिचंही काही चालत नसे. ‘बारा,’ ती म्हणाली. ‘साडेअकराला दिग्दर्शक येतोय लाल कोट बघायला. त्याच्यासमोर तमाशा नको.’


ओळख

त्या गावात कसर दोन जातींची. एक जाळं विणून त्यात पडून राहणारी, आळशी. दुसरी अंगावर पिशवी घालून हिंडणारी. ही दुसरी.

आई म्हणजे नखाएवढा मळकट चंदेरी पतंग. उजेडाचं तिला वावडं. बाकीचे पतंग दिव्याभोवती नाचतात, ही दिवा लागला की कॉलरखाली पळते. पळतेच, उडत नाही फारशी. उडायचं काम नवऱ्यांकडे. लोकरीच्या धाग्यांत चाळीस-पन्नास अंडी घालते आणि तिचा संसार आटोपतो.

अंड्यातून अळी निघते ती उघडीवाघडी. आणि निघाल्यानिघाल्या, काही खाण्याच्याही आधी, ती कपडे शिवायला बसते! तोंडातून रेशमाचा धागा काढायचा, आजूबाजूची लोकर कुरतडायची, धाग्यात गुंफायची, आणि स्वतःभोवती नळीसारखा अंगरखा चढवायचा. ज्या रंगाचं कापड, त्या रंगाचा अंगरखा. मग चालली बाई घर पाठीवर घेऊन.

हे सगळं टाचणीला ऐकून माहीत होतं. नीट बघितलं मात्र आजच, कॉलर शिवायच्या भिंगातून. आणि बघताबघता ती गिऱ्हाइकाचं माप घेतात तसं माप घ्यायला लागली, कारण तिला दुसरं काही येतच नव्हतं.


माप-पत्रक

गिऱ्हाईक: अळी, एक.
उंची: बाजरीच्या तीन दाण्यांएवढी. वाढतं अंग.
छाती, कंबर, नितंब: एकच.
कपडा: अंगरखा, बिनबाह्यांचा, बिनगळ्याचा. पुढची बाजू कुठली ते गिऱ्हाइकाला स्वतःलाच ठाऊक नाही. आत उलटं फिरून कुठल्याही टोकानं डोकं काढतं.
अस्तर: अस्सल रेशीम. (आपल्याकडे राजालाही नाही.)
घेर वाढवायचा झाल्यास: गिऱ्हाईक स्वतः अंगरखा उभा कापतं आणि फटीत नवी कळी घालतं.

टाचणीनं भिंग खाली ठेवलं. पुन्हा उचललं. अंगरख्याच्या कुशीला खरंच एक लांब त्रिकोणी पट्टी होती. कळी! अंग भरलं म्हणून कळी घातलेली! तीसुद्धा हात नसताना, मापपट्टी नसताना, आणि उसवताना आतला माणूस बाहेर न काढता!

‘अहो!’ ती ओरडली. ‘इकडे या! ही कळी घालते!’

‘कोण?’

‘ही! शिंपीण आहे ही! माझ्यापेक्षा सफाई आहे हिच्या हाताला! म्हणजे हात नाहीत हिला, पण—’

‘अगं, तिनं चाळीस कोट खाल्लेत.’

‘खाल्ले असतील. शिवण बघा!’

मिशीवाल्यानं भिंगातून बघितलं आणि त्याच्या तोंडून शीळ निघाली. थोरली स्टुलावरून म्हणाली, ‘झालं का कौतुक? पाण्याला बुडबुडे यायला लागलेत.’


साडेदहा

मग टाचणीनं कोठार पालथं घातलं. भिंतींच्या सांध्यांतून, दांड्यांच्या खाचांतून, लांडग्याच्या कानातून चिमट्यानं एकेक अंगरखा टिपला. मोठे, मध्यम, चिमुरडे. त्रेपन्न झाले. पांढऱ्या कागदावर तिनं ते लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडले, शाळेच्या कवायतीला उभे करतात तसे. काही चालायला लागले. त्यांना परत रांगेत आणावं लागलं.

पहिले सात तिळाएवढे. नुसते पोपटी.

पुढचे अकरा थोडे मोठे. मध्ये पोपटी, आणि दोन्ही बाजूंना लाल.

त्यापुढचे सगळे मोठे. मध्ये पोपटी, दोन्हीकडे लाल, आणि अगदी टोकांना जांभळं.

टाचणी बघत राहिली. तिला स्वतःच्याच टेबलावरची पोरासोरांची नाटकं आठवली. मागच्या वर्षीचा राजपुत्र या वर्षी चार बोटं वाढलेला असतो. तेव्हा काय करतो आपण? झगा मधून कापतो? छे. मधलं अंग तसंच ठेवतो. खाली पट्टी लावतो, वर खांद्याशी पट्टी लावतो. कपडा वाढतो तो टोकांनी.

म्हणजे टोकं नवी.

म्हणजे जुनं ते मध्ये.

म्हणजे सगळ्यात मधला रंग हा अळीच्या झबल्याचा.

फू! तिनं पाचही टाचण्या थुंकल्या. एक मिशीवाल्याच्या सदऱ्यात घुसली, एक लांडग्याच्या नाकात. आणि लग्नाला आठ वर्षं झालेली ती बाई घरात पहिल्यांदाच पूर्ण तोंड उघडून बोलली. आवाज एवढा मोठा निघाला की ती स्वतःच दचकली.

‘जाऊबाई! अंगरखा टोकाकडून वाचायचाच नसतो! मधून वाचायचा! या पोपटीत जन्मल्या! मग लाल! जांभळ्यात तर अगदी शेवटी आल्या, पोट भरल्यावर! माझ्या बाबांचा कोट चोर नाही, त्यांच्याकडेच चोरी झालीय!’

थोरलीनं कानावर हात ठेवला. ‘एवढा आवाज होता तुझ्यात?’

‘मलाही आत्ताच कळलं!’

मिशीवाला रांगेवरून बोट फिरवत गेला, परत आला, पुन्हा गेला. ‘बरोबर आहे वहिनी. बाळं सगळी पोपटी. शिवाय जागा बघा. जांभळा कोट दांडीच्या शेवटी होता. त्याच्या अलीकडे लाल. आता लालच्याही अलीकडे काहीतरी पोपटी असणार. लोकरीचं.’

‘पोपटी लोकर या कोठारात नाही,’ थोरली म्हणाली. फार पटकन म्हणाली.


अकराशेतले हिरवे

बेडूक: नायलॉन, शेवाळी.
वनदेवी: सुती, गवती.
मगर: रबर.
म्हातारा चेटक्या: लोकरच, पण बाटलीसारखा हिरवा, आणि त्याला एकही भोक नाही.
झाड (उभं): पुठ्ठा.
झाड (पडलेलं): तोच पुठ्ठा.
मत्सर (हे पात्र होतं): साटीन.

थोरलीनं ही यादी स्टुलावर बसल्याजागी डोळे मिटून सांगितली. टाचणी धावत जाऊन एकेक तपासून आली. पोपटी एकही नाही. सव्वाअकरा झाले होते. पातेल्यात पाणी आता स्वतःशी पुटपुटत होतं.

‘जाऊबाई, नीट आठवा ना. जुनं काही? टाकाऊ?’

‘मला विसरायला होतं का कधी? नाही म्हटलं ना! पोपटी नाही, पोपटी कधी नव्हतं, आणि पुन्हा पोपटी म्हणालीस तर बाराची वाट बघणार नाही मी.’

टाचणी खुंटीखाली जाऊन उभी राहिली. रांग खरी होती, हिशेब खरा होता, आणि तरी कोट जाणार होता. तिनं बाहीला हात लावला.

एवढ्यात मिशीवाला जमिनीवर गुडघे टेकून बसला. रांगेतली एक चिमुरडी पळाली होती आणि तिला धरायला तो रांगत निघाला होता. रांगत रांगत दाराकडे गेला. तिथे थांबला. मान खाली घातली, मग तिरकी केली, मग गालच फरशीला लावला.

‘वहिनी,’ तो खालून म्हणाला. ‘जरा उठता का?’

‘का?’

‘असंच.’

‘असंच कुणी उठतं का?’

‘पाय मोकळे होतील.’

‘माझे पाय मोकळेच आहेत. तुम्ही माझ्या स्टुलाखाली काय करताय?’

‘वहिनी, तुमच्या स्टुलाच्या पायावरून पोपटी वरात खाली उतरतेय.’

पाणी तेवढं पुटपुटत होतं.

थोरली उठली नाही. तिचा चेहरा मात्र हळूहळू लाल कोटांच्या रंगाला गेला. किल्ल्यांचा जुडगा तिनं एकदा या हातात, एकदा त्या हातात घेतला.

‘हसायचं नाही,’ ती म्हणाली.

‘नाही हसत.’

‘दोघांनीही.’

‘नाही, जाऊबाई.’

मग ती उठली. टाचणीनं चौकडीचं कापड उचललं. मागच्या वर्षी त्याची शिवण उसवली होती. ‘टाका घालून देते’ म्हटल्यावर थोरली अंगावर आली होती, ‘माझ्या गादीला हात लावायचा नाही,’ म्हणून. आता कळलं का ते. आत गादी नव्हती. आत पोपट होता.


पोपट

सव्वीस वर्षांपूर्वी, या घरात नवी असताना, थोरलीनं पहिला कपडा केला होता तो हा. लोकरीचा, पूर्ण हातानं विणलेला, चोचीसकट, नटाच्या मापाचा. दोन महिने लागले. नट तो घालून रंगमंचावर आला आणि प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, ‘अरे, भेंडी आली!’ दुःखाचा प्रवेश होता. पडदा पाडावा लागला. मामंजी काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. थोरलीनं त्याच रात्री पोपटाची घडी घातली, आत मिश्यादाढ्यांची कातरण भरली, वरून चौकडीचं कापड शिवलं आणि त्यावर बसली. मग सव्वीस वर्षं त्याच्यावर बसून तिनं अकराशे कपड्यांवर नजर ठेवली. एकही कपडा त्यानंतर भेंडी झाला नाही.

हे तिनं दोन वाक्यांत सांगितलं. भेंडीपाशी आल्यावर मिशीवाल्यानं तोंडात रुमाल कोंबला. टाचणीच्या तोंडात टाचण्याही नव्हत्या, त्यामुळे तिला आधार कशाचाच नव्हता. ती गाल चावत उभी राहिली.

‘भेंडी?’ ती शेवटी म्हणाली. ‘पण जाऊबाई, टाके काय सुरेख आहेत हे!’

‘उगाच बोलू नकोस.’

‘शपथ. पंख बघा ना, प्रत्येक पीस वेगळं विणलंय—’ आणि तिनं पंख उलगडला.


साडेअकरा

पंखाखालून आधी एक उडाला, मग चार, मग मोजदादच संपली, कारण पोपटाच्या पोटात सव्वीस वर्षांची दाढी होती आणि दाढीत कसरीच्या पिढ्यांचं अख्खं गाव होतं, आणि त्या गावातले सगळे नवरे एकदम बाहेर पडले, चंदेरी, मळकट, तोंड नसलेले, खरंच तोंड नसलेले, कारण या पतंगाला पंख फुटले की खायचं बंद, जे काय खायचं ते अळीपणी खाऊन झालेलं, आता पंधरा दिवसांचं आयुष्य आणि त्यात एकच काम, बायको शोधणं, आणि बायका तर उडायच्या सोडून पोपटावरून, स्टुलावरून, थोरलीच्या चपलांवरून चहूदिशांना तुरुतुरु पळत सुटलेल्या, आणि थोरली ओरडतेय ‘मारा! मारा!’ आणि पतंग मारायचा तर हवेत टाळी वाजवावी लागते, म्हणून थोरली टाळी, मिशीवाला टाळी, टाचणी टाळी, राजांच्या झग्यांतून टाळ्या, भुतांच्या मागे टाळ्या, उंच टाळ्या, गुडघ्याशी टाळ्या, टाचणी हसतेय, थोरली टाळ्या वाजवता वाजवता हसू दाबतेय, दाबतेय, आणि मग तिचंही हसू सुटलं ते थांबेचना, आणि अशा त्या कडकडाटात दार उघडून दिग्दर्शक आत आला.

तो दारातच थांबला. तीन माणसं, डोळ्यांत पाणी, त्याच्याकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं टाळ्या वाजवत होती.

मागची तीन नाटकं त्याची पडली होती.

त्यानं हात छातीवर ठेवला, एक पाय मागे घेतला आणि कमरेत वाकून अभिवादन केलं.

‘म्हणजे माझं नाटक पाहिलंत तुम्ही,’ तो गहिवरून म्हणाला.

‘हो हो,’ मिशीवाला म्हणाला आणि दिग्दर्शकाच्या कानाशी एक शेवटची टाळी वाजवली.


बारा

लाल कोट दिग्दर्शकानं उलटेपालटे करून पाहिले. भोकं कॉलरखाली आणि काखेत, जिथे नटांचा घाम मुरलेला तिथेच. घाम म्हणजे कसरीचं मीठमसाल्याचं जेवण.

‘माझे पहारेकरी हात वर करत नाहीत,’ तो म्हणाला. ‘चालेल. प्रयोगाला वीस दिवस आहेत, वाफ द्या आणि पाठवा.’ मग तो जायचा सोडून तिथेच रेंगाळला. एवढं प्रेम त्याला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

पातेलं आता खदखदत होतं. टाचणीनं खुंटीवरचा कोट काढून छातीशी धरला.

‘जाऊबाई, पोपटाला नाही उकळलं तर? मी साफ करून देते—’

‘काय लिहिलंय तिसरं?’

‘मूळ उकळावे.’

‘मग.’ थोरलीनं स्वतःच्या हातांनी पोपट पाण्यात सोडला. दांड्यानं ढवळला. पाच मिनिटांनी काढला तेव्हा तो खऱ्या पोपटाएवढा झाला होता. चोच, पंख, शेपूट, सगळं जागच्या जागी, घट्ट, झकास. थोरलीनं तो पिळला, उलटसुलट पाहिला.

‘अगं बाई,’ ती म्हणाली. ‘आता पोपटासारखा दिसतोय.’

यावर पुन्हा दहा मिनिटं कुणाला काही सुधरलं नाही. दिग्दर्शकही हसला. का, ते त्याला माहीत नव्हतं.

पण कोटाचं काय? अंगरख्यांच्या टोकांना जांभळं होतं, म्हणजे अळ्या कोटात पोचल्या होत्याच. तसाच ठेवला तर दोन महिन्यांत बाबांची फक्त बटणं उरली असती. वाफ द्यावी तर हॉटेलवाल्यांनी खांद्यांत लाखेनं पट्ट्या चिकटवलेल्या. लाख वितळली की खांदे गळ्यात.

‘थंडी,’ मिशीवाला म्हणाला. ‘गारठवला की अळी मरते. दोन आठवडे, कडक बर्फात.’

‘बर्फ कुठला आणायचा एवढा?’

तिघांनी एकदम तोंड वळवलं. चार दारं सोडून आइस्क्रीमवाला होता.


साडेबारा

‘जागा नाही,’ आइस्क्रीमवाला म्हणाला. त्यानं पेटीचं झाकण उघडून दाखवलं. आत काठोकाठ डबे. ‘कोट? यात? बरं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू म्हणता. पण जागा दाखवा कुठे आहे ती. डबे बाहेर काढले तर पाणी होतंय.’

‘किती डबे काढावे लागतील?’ टाचणीनं विचारलं.

त्यानं कोट पाहिला, पेटी पाहिली. ‘चार.’

‘चमचे द्या.’

पहिला डबा व्हॅनिलाचा. तो मिशीवाल्यानं आणि दिग्दर्शकानं संपवला. दिग्दर्शक घरी जायला तयारच नव्हता. दुसरा चॉकलेटचा, तो टाचणीनं आणि आइस्क्रीमवाल्यानं. ‘सहा वर्षांत मी स्वतःचा माल खाल्ला नव्हता,’ तो म्हणाला, ‘बरा असतो की.’ तिसऱ्याला सगळे मिळून भिडले आणि अर्ध्यावर मिशीवाल्यानं भिंतीला डोकं टेकलं. कसाबसा तोही संपला. जीभ बधिर, ओठ निळे, दिग्दर्शक स्वतःच्या पडलेल्या नाटकाबद्दल काहीतरी सांगत होता ते कुणाला कळत नव्हतं.

राहिला एक. अननसाचा.

टाचणीनं चमचा उचलला. तोंडापर्यंत नेला. पोटानं साफ नकार दिला. तिनं मिशीवाल्याकडे पाहिलं, त्यानं डोळे मिटून घेतले. आइस्क्रीमवाल्यानं हात जोडले. कोट प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिच्या मांडीवर होता, आणि पेटीतली जागा एका डब्यानं कमी होती.

थोरली आतापर्यंत नुसती उभी होती. तिचे दात भयंकर शिवशिवत. पाणीसुद्धा ती कोमट करून पिई आणि आइस्क्रीमच्या दुकानावरून जाताना तोंडावर हात धरी.

‘दे इकडे,’ ती म्हणाली.

‘जाऊबाई, तुमचे दात—’

‘दे म्हणते ना.’

तिनं बाकावर बैठक मारली, डबा मांडीवर घेतला आणि पहिला चमचा तोंडात घातला. तिचा उजवा डोळा आपोआप मिटला. दुसऱ्या चमच्याला डावा. तिसऱ्याला तिनं पाय आपटला, चौथ्याला आइस्क्रीमवाल्याचा हात घट्ट धरला, आणि बिचाऱ्यानं तो सोडवून घेतला नाही. मध्येच ‘आई गं’ म्हणे, मध्येच कुणाला तरी शिव्या घाली. बहुधा त्या भेंडीवाल्या प्रेक्षकाला. अर्धा डबा झाला. पाऊण झाला.

‘बास, बास,’ आइस्क्रीमवाला म्हणाला. ‘एवढं दुसऱ्या डब्यात ओततो मी. बसेल आता कोट.’

टाचणीनं कोट दोन्ही हातांवर घेऊन पेटीत अलगद उतरवला. जवळजवळ बसला. कडेला डब्याचा कोपरा टोचत होता एवढंच.

थोरलीनं गालावर हात दाबून, एका डोळ्यानं, वाकून आत पाहिलं.

‘कॉलर मोडतेय त्यांची,’ ती म्हणाली. ‘काढ परत. थांब जरा.’

आणि तो टोचणारा डबा बाहेर ओढून तिनं पुन्हा चमचा भरला.